बाविसाव्या प्रकरणाचं भांडण

अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने २०१८मध्ये देशभरातल्या वाचकांना विचारलं होतं, तुमची सर्वांत लाडकी कादंबरी कोणती? चाळीस लाखांहून जास्त मतं पडली. ऑक्टोबरात निकाल लागला तेव्हा हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' पहिली आली, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिकडे ती शाळेतच वाचून घेतात. नवल होतं दुसऱ्या नंबरचं. हॅरी पॉटर, जेन ऑस्टिन, टॉल्किन या सगळ्यांना मागे टाकून तिथे बसली होती डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर'. दुसऱ्या महायुद्धातली एक नर्स दोनशे वर्षं मागे, अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते आणि तिथल्या एका किल्टवाल्या (किल्ट म्हणजे स्कॉट पुरुषांचा घागऱ्यासारखा चौकड्यांचा पोशाख) तरुणावर तिचा जीव जडतो, अशी ती गोष्ट.

याच पुस्तकाचं नाव काढलं की दुसऱ्या तऱ्हेचे वाचकही भेटतात. अर्ध्यात मिटलं आणि परत हातात धरलं नाही, असं ते सांगतात. कुठे मिटलं म्हणून विचारावं, तर त्यांतले बरेच जण एकाच जागी बोट ठेवतात: प्रकरण बावीस. एकूण एक्केचाळीस प्रकरणं, म्हणजे ही जागा येते ऐन मध्यावर. पहिल्या खेपेला मीही तिथेच थांबले होते. काही महिन्यांनी पुस्तक परत उचललं ते कुतूहलापेक्षा चिडून. इतक्या बायकांना हे आवडतं तरी कसं, हे बघायचं होतं.

एखादी कादंबरी काहींना रुचते, काहींना रुचत नाही, यात खरं तर लिहिण्यासारखं काही नसतं. इथली गंमत अशी की जीव टाकणारे आणि नाक मुरडणारे एकाच पानावरून भांडतात, आणि दोन्ही बाजूंनी ते पान नीट वाचलेलं असतं. म्हणून हे प्रकरण जरा उलगडून बघावंसं वाटलं.

पुस्तक झालं कसं

गॅबल्डनबाईंचा मूळ पेशा लेखनाचा नव्हे. त्यांची डॉक्टरेट पर्यावरणशास्त्रातली, आणि प्रबंधाचा विषय पिन्यन जे नावाचे निळे पक्षी घरट्यासाठी जागा कशी निवडतात हा. ॲरिझोनातल्या विद्यापीठात त्या वैज्ञानिक कामांसाठी संगणक कसे वापरावेत यातल्या जाणकार होत्या. मध्यंतरी डिस्नेच्या कॉमिक्सही लिहून झाल्या होत्या. १९८८मध्ये त्यांनी ठरवलं, आपल्याला कादंबरी जमते का ते नुसतं सरावापुरतं लिहून बघायचं. कुणाला दाखवायचं नव्हतं. काळ कोणता घ्यावा हे ठरत नव्हतं, तेवढ्यात टीव्हीवर 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या ब्रिटिश मालिकेचा एक जुना भाग बघण्यात आला. त्यात डॉक्टरच्या सोबत्यांमध्ये जेमी मॅक्रिमन नावाचा अठराव्या शतकातला स्कॉट पोरगा आहे. किल्ट घातलेला. दुसऱ्या दिवशीही तो किल्ट डोक्यातून जाईना, तेव्हा ठरलं: स्कॉटलंड, अठरावं शतक. नायकाला नावही जेमीच मिळालं. (पुढे २०१०मध्ये याच बाईंनी आपल्या पात्रांवर चाहत्यांनी कथा लिहिण्याविरुद्ध जोरदार लेख लिहिला, तेव्हा अनेकांनी त्यांना या किल्टची आठवण करून दिली. आठवण रास्त होती.)

स्कॉटलंड त्यांनी तोवर पाहिलेलंही नव्हतं. सगळी सामग्री विद्यापीठाच्या ग्रंथालयातली. गोष्टीत एक बाई हवी म्हणून त्यांनी एक इंग्रज स्त्री स्कॉट माणसांच्या घोळक्यात आणून सोडली, आणि ती बाई काही केल्या अठराव्या शतकातल्यासारखी बोलेना. तोंडाळ, खवचट, विसाव्या शतकातली. दोन-चार पानं तिला वळण लावायचा प्रयत्न करून लेखिकेने हात टेकले: ठीक आहे, तू आधुनिकच राहा, तू इथे कशी आलीस ते मी नंतर बघते.

ही हकिकत लेखिकेने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. सहसा ती गमतीचा किस्सा म्हणून फिरते, पण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला तिच्यात दिसतं. कालप्रवास या कादंबरीत विज्ञानाच्या ओढीने आलेला नाही. तो आला एका आवाजाची सोय लावायला. अठराव्या शतकातली माणसं अठराव्या शतकासारखी वागणार आणि ती आपल्याला सांगणारी बाई आपल्यातली असणार, अशी ही सोय. तिच्यामुळे लेखिकेला दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो. जुन्या काळाचा रांगडेपणा हवा तिथे तो काळ, आणि आजच्या बाईची ऐट हवी तिथे क्लेअर. चाहत्यांचा जीव यातच अडकतो, आणि टीकाकारांची तक्रारही नेमकी हीच.

बाविसाव्या प्रकरणापर्यंत

क्लेअर रँडल आघाडीवरच्या इस्पितळात काम केलेली नर्स. युद्ध संपल्यावर, १९४५मध्ये, ती नवरा फ्रँकबरोबर इन्व्हर्नेसला येते. (ब्रिटिश आवृत्तीत हे साल १९४६ आहे.) सहा-सात वर्षांच्या लग्नात दोघांचा एकत्र संसार असा झालेलाच नाही, म्हणून हा दुसरा मधुचंद्र. फ्रँक इतिहासाचा प्राध्यापक. त्याला आपल्या पूर्वजांपैकी एका इंग्रज कप्तानाचा माग काढायचा आहे. डोंगरावरच्या उभ्या शिळांच्या वर्तुळात क्लेअर एका शिळेला हात लावते आणि १७४३मध्ये जाऊन पडते. तिथे पहिला भेटतो तो नवऱ्याचा तोच पूर्वज, कप्तान जोनाथन 'ब्लॅक जॅक' रँडल. चेहरा हुबेहूब फ्रँकचा, आणि तो थेट तिच्यावर हात टाकायलाच धावतो. तिथून तिला उचलतात मॅकेंझी घराण्याची माणसं. त्यांच्यात खांदा निखळलेला एक तांबड्या केसांचा तरुण असतो. तो खांदा क्लेअर बसवून देते. हा जेमी फ्रेझर.

पुढची बरीच प्रकरणं मॅकेंझींच्या गढीवरच्या दिवसांची: औषधी मुळ्या, जखमा, स्वयंपाकघर, गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली गाणी, आणि या परक्या बाईवर असलेला सगळ्यांचा संशय. रोमान्स म्हणून पुस्तक उचललेल्या वाचकाला हा भाग रेंगाळलेला वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. मला तो आवडतो. नर्सच्या डोळ्यांनी पाहिलेलं अठरावं शतक म्हणजे गळू, किडके दात, लसणाचे लेप. मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. मग इंग्रज कप्तान तिला चौकशीसाठी मागतो. ती कायद्याने स्कॉट झाली तर त्याला सहजासहजी हात लावता येणार नाही, म्हणून तिचं लग्न लावून दिलं जातं. नवरा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि पहिल्या रात्रीचा अनुभव तिला आहे, त्याला नाही. प्रेमकथांच्या बाजारात १९९१ साली ही उलटापालट मोठी होती. या प्रकरणाबद्दल वाईट बोलणारा वाचक मला अजून भेटलेला नाही, अगदी बाविसाव्याला पुस्तक फेकणाऱ्यांमध्येही.

लग्नानंतर क्लेअर संधी साधून शिळांकडे निघते. जेमीने तिला जागेवरून हलू नकोस असं बजावलेलं असतं. ती इंग्रजांच्या हाती सापडते, फोर्ट विल्यममध्ये कप्तान रँडलसमोर उभी केली जाते, आणि जेमी व त्याचे सोबती जिवावर उदार होऊन तिला सोडवून आणतात. आता ती माणसं तिच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या हिशेबी तिच्या एका हट्टापायी सगळ्यांच्या माना गेल्या असत्या. रात्री खानावळीच्या खोलीत जेमी तिला सांगतो की हे पुरुषाने केलं असतं तर त्याचे कान कापले असते, चाबकाने फोडलं असतं, कदाचित मारूनही टाकलं असतं. आणि तो कमरेचा पट्टा काढतो.

ती मुकाट्याने मार खात नाही. लाथा मारते, चावते, ओरबाडते. तरी मार बसतोच. दुसऱ्या दिवशी ती घोड्यावर नीट बसूही शकत नाही, आणि सोबतची माणसं मात्र, हिशेब चुकता झाल्यासारखी, तिच्याशी परत गोडीने वागू लागतात. वाटेत जेमी लहानपणी बापाकडून खाल्लेल्या माराच्या गोष्टी एकामागून एक सांगतो, इतक्या की तिला हसू आवरत नाही. पुढे तो आपल्या खंजिरावर शपथ घेतो की यापुढे तुझ्यावर हात उचलणार नाही.

कोण काय म्हणतं

बाजू घेणारे म्हणतात, १७४३मधला नवरा आणखी काय करणार होता? बायकोला 'वळण' लावायचा हक्क त्या समाजाला गृहीतच होता. जेमीने तो न बजावता क्लेअरला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर तो किल्ट घातलेला विसाव्या शतकातला नवरा ठरला असता, आणि मग इतक्या मागे जायचं तरी कशाला? शिवाय तो बदलतो. शपथ घेतो आणि पाळतो. गॅबल्डनबाईंचं स्वतःचं उत्तरही याच वळणाचं: ही माणसं त्यांच्या काळाची आहेत, माझ्या सोयीची नाहीत.

विरोधकांना इतिहास शिकवायला जावं तर ते हसतात. बायकांना मार पडायचा हे त्यांना ठाऊक आहे. कित्येकींना त्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नसते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. कादंबरी आम्हाला या माणसाच्या प्रेमात पडायला सांगते की नाही? सांगते. मग मार हा प्रेमकथेतला एक टप्पा होतो: आधी पट्टा, मग हसणं, मग शपथ, मग मिठी. तो मारताना आपल्याला गंमतही वाटली अशी जेमीची कबुली पुस्तकात आहे, आणि ती खेळकर सुरात आहे. तो सूर अनेकींच्या घशाखाली उतरत नाही.

तिसरा एक गट असतो आणि त्याचं म्हणणं फारसं कुणी ऐकत नाही. त्यांना मारही चालतो, माफीही चालते. त्यांना खटकते ती घाई. क्लेअर युद्ध पाहिलेली, विसाव्या शतकात कमावती झालेली बाई. एवढं झाल्यावर ती दिवसभराच्या रपेटीत हसायला लागते?

माझं मत या तिसऱ्यांच्या जवळ जातं. मार पडतो तो प्रसंग मला धाडसी वाटतो. लेखिकेने तो क्लेअरच्या तोंडून सांगितला आहे, त्यामुळे 'तेव्हा असंच होतं' या वाक्याआड लपायला जागा उरत नाही. सांगणारीला 'आता' ठाऊक आहे. पण म्हणूनच मारानंतरचं लेखन कच्चं वाटतं. आजच्या बाईचा आवाज मिळावा म्हणून कालप्रवासाचा सगळा खटाटोप केला, आणि तो आवाज जिथे सर्वांत जास्त हवा तिथे तो अठराव्या शतकाच्या मध्यस्थीने गप्प झाला. ती चिडते, धमकी देते, सगळं होतं. तरी वाचणारीच्या पोटात जे उरतं ते क्लेअरच्या पोटात उरत नाही. शिळांनी दिलेली सोय लेखिकेने इथे परत काढून घेतली.

पडद्यावर हाच भाग आला तेव्हा दिग्दर्शनाची कसोटी लागली. स्टार्झ वाहिनीवर मालिका ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झाली; हा भाग दाखवला गेला एप्रिल २०१५मध्ये, आणि तो त्यांनी जेमीच्या निवेदनात सांगितला. तोवर सगळी गोष्ट क्लेअरच्या आवाजात चालली होती. मार पडत असताना मागे उडतं, जत्रेतलं वाटावं असं संगीत वाजवलं. पुस्तकात जो खेळकर सूर शब्दांत मुरलेला होता तो इथे कानावर आदळला, आणि पुस्तकाची बाजू घेणारे काही जणही या संगीतावर चिडले. छापील पानावर वाचक आपापल्या मनात आवाज लावून घेतो. एक बाई तो प्रसंग रागाने वाचते, दुसरी मिस्कीलपणे. मालिकेने त्यांतला एकच आवाज सगळ्यांना ऐकवला.

कुठल्या कपाटात ठेवायचं

मतं इतकी फाटण्यामागे एक साधं व्यवहाराचं कारणही आहे. हे पुस्तक विकणाऱ्यांनाच कळत नव्हतं की हे आहे काय. नावापासूनच घोळ. लेखिकेच्या मनात 'क्रॉस स्टिच' हे नाव होतं. अमेरिकी प्रकाशकांना ते भरतकामाचं पुस्तक वाटलं, म्हणून तिथे 'आउटलँडर' झालं, आणि ब्रिटनमध्ये ते भरतकामाच्याच नावाने निघालं. अमेरिकेत १९९१च्या जूनमध्ये ते आलं तेव्हा रोमान्सच्या कपाटात गेलं, कारण रोमान्सची पुस्तकं तिथे भरमसाट खपतात. रोमान्स लेखकांच्या संघटनेने त्या वर्षीची सर्वोत्तम प्रेमकथा म्हणून त्याला रिटा पुरस्कारही दिला. लेखिका मात्र पहिल्यापासून सांगत होती की ही रोमान्स नाही, आणि दुकानदारांनी पुस्तक तिथून हलवावं म्हणून भांडलीही. पंधरा वर्षांनी, २००६मध्ये, याच पुस्तकमालिकेच्या सहाव्या खंडाला अमेरिकेतला क्विल पुरस्कार मिळाला तो विज्ञानकथा, अद्भुत आणि भयकथा या गटात.

कपाट बदललं की करार बदलतो. रोमान्सच्या वाचकांचे काही अलिखित नियम असतात आणि ते फार काटेकोर पाळले जातात: नायक नायिकेवर हात उगारणार नाही, गोष्ट एका पुस्तकात गोड संपेल, नायिकेला आधीचा नवरा असलाच तर तो मेलेला किंवा नालायक असेल. 'आउटलँडर' यांतला एकही नियम सरळ पाळत नाही. फ्रँक नालायक नाही, मेलेलाही नाही. १७४३मध्ये तो जन्मायचा आहे एवढंच. ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचायला बसलेल्याला पुन्हा दुसरीच अडचण. इतिहास ठीक आहे, पण दर थोड्या पानांनी ही दोघं गवतात काय लोळतात? त्याला ती तक्रार मुखपृष्ठावरच्या नावाशी करावी लागते, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

स्कॉटलंडकडून

खुद्द स्कॉट वाचकांची तक्रार पट्ट्याशी थांबत नाही. त्यांचं दुखणं जुनं आहे. किल्ट, धुकं, शूर आणि अडाणी डोंगरी माणूस हे चित्र त्यांच्या गळ्यात दोनशे वर्षांपासून अडकलेलं आहे. वॉल्टर स्कॉटने १८१४मध्ये 'वेव्हर्ली' लिहून त्याचा पाया घातला, आणि १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्याच स्कॉटने सगळ्या शहराला टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, नेसवून मिरवलं. सखल भागातले जे लोक हायलँडरांना, म्हणजे डोंगरी लोकांना, चोर-दरोडेखोर म्हणायचे, तेही त्या दिवशी किल्टमध्ये होते. अमेरिकेतल्या ग्रंथालयात बसून लिहिलेली हायलँडर प्रेमकथा त्यांना याच मिरवणुकीचा पुढचा रथ वाटली तर दोष कसा द्यावा?

तपशिलांच्या चुका काढणाऱ्यांना खाद्य आहेच. क्लेअरवर जादूटोण्याचा खटला चालतो, लोक तिला जाळायला निघतात. पण ब्रिटनमध्ये जादूटोण्याबद्दल देहदंड देणारे कायदे १७३६मध्येच रद्द झाले होते, आणि स्कॉटलंडमधली शेवटची चेटकीण जाळली गेली ती १७२०च्या दशकात, उत्तरेला डोर्नॉकमध्ये. म्हणजे १७४३मधला हा खटला कायद्याने उभाच राहत नाही. चुकीचा मुद्दा इथे संपला असता. पण स्कॉटलंडच्या चर्चपासून फुटून निघालेल्या कर्मठ प्रेस्बिटेरियन पंथीयांनी नेमकं १७४३मध्येच हे कायदे रद्द केल्याबद्दल जाहीर हळहळ व्यक्त केली होती. कायदा मेला तरी वासना जिवंत होती. लेखिकेची तारीख चुकली, नाडी चुकली नाही, असं मी म्हणेन. गेलिकचं तसं म्हणता येत नाही. जेमी क्लेअरला लाडाने जे 'मो दुइन्ये' म्हणतो ते शब्दकोशातून जुळवलेलं, आणि गेलिक बोलणाऱ्याच्या कानाला सरळ चुकीचं. तिसऱ्या खंडापासून एक मूळ गेलिकभाषक मदतीला आला आणि नंतरच्या पुस्तकांत ते 'मो नीअन दोन' असं दुरुस्त झालं. मरणाला टेकलेल्या भाषेच्या माणसाला हे किती लागत असेल, ते आपण ताडू शकतो. मराठी माणसाचं वाकडं मराठी हिंदी सिनेमात ऐकून आपल्याला जे होतं त्याच्या दसपट धरा.

आणि कलोडन. १६ एप्रिल १७४६, तासाभराच्या आत संपलेली लढाई. ब्रिटनची गादी परत मागणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्राच्या बाजूचे दीड ते दोन हजार माणूस पडले किंवा जखमी झाले, आणि डोंगरी घराण्यांची सगळी व्यवस्था त्यानंतर मोडून काढली गेली. हायलँडचा पोशाख पुरुषांना १७४७पासून १७८२पर्यंत कायद्याने बंद होता. क्लेअरला हे सगळं माहीत आहे, जेमीला नाही. पहिल्या खंडात ही लढाई येत नाही, पण तिची सावली प्रत्येक हसण्यावर पडलेली असते, आणि मराठी वाचकाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १७५८मध्ये जाऊन एखाद्या शिलेदाराच्या प्रेमात पडलेली बाई कल्पून बघा. तिला तीन वर्षांनंतरची संक्रांत ठाऊक आहे.

तुलना तिथवरच. एक दुवा मात्र खराखुरा आहे. कलोडनला हरलेल्यांच्या मुलांनाच इंग्रजांनी फौजेत घेतलं. स्टुअर्टांची बाजू घेतल्याबद्दल ज्याच्या बापाचं, लॉर्ड लोव्हॅटचं, डोकं उडवलं, त्या सायमन फ्रेझरने कलोडननंतर अकरा वर्षांत त्याच राजासाठी हायलँडरांची पलटण उभारली. कादंबरीतला जेमी याच लोव्हॅटचा नातू दाखवला आहे. आणि सप्टेंबर १८०३मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंद्यांच्या तोफांसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीने पुढे काढल्या त्या दोन हायलँडर पलटणी, ७४वी आणि ७८वी. त्यांतली ७४वी जवळजवळ कापली गेली. या चाहत्यांच्या आवडत्या डोंगरी शिपायाशी आपली गाठ पडली ती अशी. प्रेमकथेत हा पुढचा भाग सहसा येत नाही.

राजकारणही पुस्तकाला चिकटलं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत सप्टेंबर २०१४मध्ये होतं, आणि मालिका अमेरिकेत त्याच्या महिनाभर आधी सुरू होऊनही ब्रिटनमध्ये मार्च २०१५पर्यंत दिसली नाही. मालिका बनवणाऱ्या सोनी कंपनीचे ई-मेल फुटले तेव्हा त्यांत तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या भेटीत या मालिकेचा विषय निघेल, असं अधिकाऱ्याने लिहिलेलं सापडलं. सार्वमतासाठी मालिका मुद्दाम लांबवली, असा त्यावरून जेवढा धुरळा उडाला तेवढा पुरावा काही त्यात नव्हता.

खलनायक

पट्ट्यावर इतकी शाई सांडते की शेवटच्या भागाबद्दल लोक कमी बोलतात. जेमी वेंटवर्थच्या तुरुंगात ब्लॅक जॅकच्या हाती पडतो, आणि कप्तान त्याचा छळ करतो, त्याच्यावर बलात्कार करतो. नायकावर बलात्कार होणं, आणि त्यानंतर तो खचणं, स्वतःची किळस येणं, मरण मागणं, हे त्या काळच्या प्रेमकथेत जवळजवळ नव्हतंच. अनेक वाचकांच्या मते हा पुस्तकातला सर्वांत खरा भाग. मलाही, सुटकेनंतर तो मठात सावरतो ती प्रकरणं मनाला लागली. मारानंतर जी घाई होती ती इथे नाही, जखमेला जखमेइतका वेळ दिला आहे.

पण खलनायक पुरुषांकडे ओढला जाणारा आणि म्हणून विकृत, असं समीकरण वाचकाच्या मनात उभं राहतं, आणि पहिल्या खंडात दुसरा जो समलैंगिक दिसतो तो ड्यूकही लंपटच. पुढच्या खंडांत लॉर्ड जॉन ग्रे हे पात्र आलं: समलिंगी, सभ्य, आणि वाचकांचं इतकं लाडकं की त्याची वेगळी पुस्तकं निघाली. समर्थक लगेच त्याचं नाव पुढे करतात. तो आला तेव्हा पहिलं पुस्तक छापून झालेलं होतं, एवढंच मी म्हणेन. शिवाय मोजायला बसलं तर या एका कादंबरीत क्लेअरवर बलात्काराचा प्रयत्न इतक्यांदा होतो की धोका हा कथानक पुढे ढकलायचा दट्ट्या झाला आहे. पहिल्या वेळी अंगावर काटा येतो. तिसऱ्या वेळी वाचक म्हणतो, आता जेमी खिडकीतून येईल.

शिळांपाशी

फ्रँकच्या बाजूने उभे राहणारे वाचक थोडे, पण चिवट. त्यांचा सवाल: नवरा तिकडे वेड्यासारखा शोधत असेल, आणि ही बाई इथे दुसरं लग्न करून सुखात? यावर कादंबरीत एक सुंदर उत्तर आहे आणि एक चटकन उरकलेलं. सुंदर उत्तर मठात मिळतं. क्लेअर तिथल्या साधूला सगळं खरं सांगते, दोन शतकं, दोन नवरे. तो तिला पापी म्हणत नाही, वेडी म्हणत नाही, त्याला आश्चर्याने भरून येतं.

चटकन उरकलेलं उत्तर त्याच्या बरंच आधी येतं. खटल्यातून सोडवल्यावर क्लेअर जेमीला आपण कुठून आलो ते सांगून टाकते. तो ते मानतो, आणि तिला स्वतः त्या शिळांपाशी घेऊन जातो: जा, तुझं घर तिकडे आहे. हा तोच माणूस, ज्याने तीन प्रकरणांमागे पट्टा काढला होता. तो खाली खोपटात जाऊन थांबतो. ती शिळांजवळ बसून राहते, उजेड कलेपर्यंत. आत काय चाललं होतं ते लेखिका फारसं उघडत नाही. विचार करकरून ती थकते, उठते, आणि पाय तिला उताराकडे नेतात. एवढी मोठी निवड, आणि दोन पानंही धड नाहीत, म्हणून इथे पुन्हा पुस्तक मिटणारे आहेत. मला ही कंजुषी आवडली. नंतर ती जेमीला सांगते की सामना अटीतटीचा झाला. गरम पाण्याच्या आंघोळीने जवळजवळ बाजी मारलीच होती.